सूचक तेच, अनुमोदक तेच

महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेच्या सर्व सन्माननीय सदस्यांस,



पत्र लिहिण्यास कारण की, माझ्यासमोर एक कागद आहे. आमच्या महापालिकेच्या एका ठरावाची झेरॉक्स. माहितीच्या अधिकारात अर्ज केला, मुदत उलटल्यावर अपील केले, आणि अकरा महिन्यांनी हे एक पान हातात पडले. आमच्या भागातून जाणाऱ्या ड्रेनेज लाइनच्या कामाचा हा ठराव आहे. वरच्या भागात 'आयुक्त' म्हणून प्रस्ताव: काम निकडीचे आहे, निविदा स्वीकारण्यास मान्यता मिळावी. खालच्या भागात, त्याच तारखेला, 'प्रशासक' म्हणून मंजुरी: प्रस्तावात नमूद केल्याप्रमाणे मान्यता देण्यात येत आहे. मधे जुन्या छापील नमुन्यातल्या दोन ओळी तशाच राहून गेल्या आहेत. सूचक, पुढे टिंबे. अनुमोदक, पुढे टिंबे. दोन्ही कोऱ्या. तळाशी शिक्के दोन आहेत, एक जांभळा आणि एक निळा. सही एकाच माणसाची, दोनदा केलेली.

शहराचे नाव मी लिहीत नाही. लिहिले तर चौकशी तेवढ्या शहरापुरती होईल, एखाद्या ज्युनिअर इंजिनिअरला नोटीस जाईल आणि विषय मिटेल. माझी तक्रार त्या साहेबांविरुद्ध नाही. त्यांनी जे केले ते नियमात बसत होते. ते नियमात बसावे अशी व्यवस्था ज्यांनी केली आणि जवळजवळ चार वर्षे चालू दिली, ते आपण आहात. म्हणून हे पत्र आपल्याला.

या ड्रेनेजची हकिगत थोडी सांगते. शाळेसमोरचा रस्ता त्यासाठी चौदा महिने उकरलेला होता. लाइन टाकून झाली, वर डांबर झाले, आणि पहिल्याच मोठ्या पावसात चेंबरची झाकणे उचलून घाण पाणी वर आले. लाइन चढाच्या दिशेने टाकली होती. आमच्या गल्लीत वीस वर्षे राहिलेल्या कुणालाही विचारले असते तर त्याने सांगितले असते की इथले पाणी ओढ्याकडे उतरते, मुख्य रस्त्याकडे नाही. पूर्वी हे सांगायला माणूस होता. तो कुठल्याही पक्षाचा असो, शिकलेला असो वा नसो, प्रस्ताव सभेपुढे आला की उठून उभा राहायचा आणि म्हणायचा, साहेब, नकाशा राहू द्या, पाणी कुठे जाते ते मी दाखवतो. कधी तो स्वार्थासाठी उभा राहायचा, कधी कंत्राटदाराशी बिनसले म्हणून उभा राहायचा. पण उभा राहायचा. त्याचे बोलणे इतिवृत्तात यायचे आणि साहेबांना त्याला उत्तर द्यावे लागायचे. या कागदावर असे कुणी उभे राहिल्याची खूण नाही, कारण उभे राहायला सभाच नव्हती.

मी तीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवले. सहावीच्या पुस्तकात नागरी स्थानिक शासन संस्थांचा धडा आहे. महापालिकेच्या निवडणुका दर पाच वर्षांनी होतात, नगरसेवक आपल्यातून महापौर निवडतात, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आले. नोकरीच्या शेवटच्या वर्षात एका मुलीने विचारले, "बाई, आपले नगरसेवक कोण?" मी सांगितले की सध्या कुणी नाही, प्रशासक आहेत. "मग प्रशासकांना कुणी निवडलं?" सरकारने नेमले, मी म्हणाले. तिने वहीत 'नेमले' हा शब्द लिहिला आणि पुस्तकातल्या 'निवडतात' या शब्दाखाली रेघ ओढून माझ्याकडे पाहिले. पुढचा प्रश्न तिने विचारला नाही. विचारला असता तर माझ्याकडे खरे उत्तर होते, पण बारा वर्षांच्या मुलीला ते सांगायची माझी तयारी नव्हती. ते उत्तर आज आपल्याला सांगते.

आपल्या संविधानात १९९३ पासून, चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीमुळे, अनुच्छेद २४३-यू आहे. त्यात अगदी स्वच्छ लिहिले आहे की नगरपालिकेची मुदत पाच वर्षे, त्याहून जास्त नाही, आणि नवी निवडणूक ही मुदत संपण्याच्या आत पूर्ण झाली पाहिजे. सभागृह मधेच बरखास्त झाले तर सहा महिन्यांच्या आत. या अनुच्छेदाचा अर्थ लावायला वकील लागत नाही. तरीही सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये, अहमदाबादच्या किशनसिंग तोमर यांच्या खटल्यात, तो पुन्हा सांगितला: प्रभागरचना व्हायची आहे, याद्या व्हायच्या आहेत, अशी कारणे सांगून निवडणूक लांबवता येणार नाही.

आता महाराष्ट्रात काय झाले ते पाहा. २०२० मध्ये औरंगाबाद, नवी मुंबई, वसई-विरार, कल्याण-डोंबिवली, कोल्हापूर या महापालिकांची मुदत संपली. तेव्हा करोना होता. त्या वर्षाबद्दल माझे काही म्हणणे नाही. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गवळी खटल्याचा निकाल आला आणि ओबीसी आरक्षणासाठी आकडेवारी गोळा करणे भाग पडले. तो प्रश्नही खरा होता. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या सभागृहाच्या दारात उभे केले नाही, त्याच्या जागा गेल्या तर जाऊ द्या, असे मी म्हणणार नाही. पण या खऱ्या प्रश्नाच्या आडून दुसरेच काही घडले आणि ते आपण घडवलेत.

७ मार्च २०२२ हा दिवस आठवा. मुंबई महापालिकेच्या मुदतीचा तो शेवटचा दिवस. त्याच दिवशी आपल्या दोन्ही सभागृहांनी प्रभाग पाडण्याचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे नेणारी विधेयके मंजूर केली. एकमताने. सरकार महाविकास आघाडीचे होते, विरोधी बाकांवर भाजप होता, आणि एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे आपण सगळे त्या दिवशी एका बाजूला बसलात. ज्या सरकारच्या पक्षांना निवडणूक लढवायची आहे, तेच सरकार मैदानाच्या सीमारेषा आखणार, या गोष्टीवर एकाही सदस्याने मतविभागणी मागितली नाही. मुंबईच्या २२७ जागा त्याआधीच २३६ केल्या होत्या. मग जूनमध्ये सरकार बदलले आणि ऑगस्टमध्ये नव्या सरकारने त्या पुन्हा २२७ केल्या. पुण्यासारख्या शहरांत प्रभाग एक सदस्याचा की तीन की चार, हे सरकार बदलेल तसे बदलत राहिले. प्रत्येक वेळी प्रकरण न्यायालयात गेले आणि प्रत्येक वेळी काळ गेला.

न्यायालयाचीही जबाबदारी आहे, ती मी लपवत नाही. ४ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने दोन आठवड्यांत निवडणुकीची प्रक्रिया सुरू करा म्हणून बजावले. जुलैत ओबीसी आरक्षणावरचा बांठिया आयोगाचा अहवाल स्वीकारला. ऑगस्टमध्ये 'जैसे थे'चा आदेश दिला आणि मग तारखांमागून तारखा पडत राहिल्या. ६ मे २०२५ ला चार महिन्यांची मुदत मिळाली, तीही पाळली गेली नाही, शेवटी ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची तारीख ठरली. १५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले. एका दिवशी एकोणतीस. वर्तमानपत्रांनी त्याला महासंग्राम म्हटले. माझ्या मनात एवढेच आले की एका दिवशी एकोणतीस निवडणुका घ्याव्या लागल्या, म्हणजे त्या दिवसापर्यंत एकोणतीसही शहरांत निवडून आलेले सभागृह नव्हते. इचलकरंजी आणि जालना यांनी तर महापालिका झाल्यापासून नगरसेवक पाहिलाच नव्हता.

चार वर्षे हा आकडा कागदावर लहान दिसतो. छत्रपती संभाजीनगरची मागची निवडणूक एप्रिल २०१५ मध्ये झाली होती. त्या जूनमध्ये पहिलीत बसलेले मूल पुढच्या निवडणुकीपर्यंत दहावी होऊन अकरावीत गेले. या शहरात नळाला आठवड्यात एकदा पाणी आले तर लोक समाधान मानतात. जायकवाडी धरण तिथून फार लांब नाही. नव्या पाणीयोजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले तेव्हा ती १,६८० कोटींची होती, पुढे ती २,७४० कोटींवर गेली. काम रखडले, लोक उच्च न्यायालयाच्या खंडपीठात गेले, आणि न्यायमूर्तींना पाइप किती टाकले, जॅकवेल कुठवर आली, कंत्राटदाराकडे माणसे किती, याचा आढावा घेत बसावे लागले. जे काम स्थायी समितीने करायचे ते खंडपीठ करत होते. न्यायमूर्तींचे आभार मानावेत तेवढे थोडे आहेत. पण न्यायालयाकडे जाणाऱ्याला वकील लागतो, तारीख लागते, आणि न्यायमूर्तींना पाच वर्षांनी मते मागायला त्या गल्लीत जायचे नसते.

पुण्याच्या कडेची तेवीस गावे ३० जून २०२१ ला महापालिकेत घेतली. त्याच क्षणी तिथल्या ग्रामपंचायती गेल्या. सरपंच गेला, नगरसेवक आला नाही. पुढे साडेचार वर्षे या गावांतल्या लोकांना आपला म्हणावा असा एकही स्थानिक लोकप्रतिनिधी नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गुलियन बॅरेचे रुग्ण सापडू लागले, शंभरच्या वर गेले, आणि नांदेड, किरकटवाडी ही नावे देशभरच्या बातम्यांत आली. ही दोन्ही गावे त्या तेवीसमधली. संशय पाण्यावर गेला. तेव्हा राज्याला कळले की नांदेडच्या विहिरीचे पाणी शुद्धीकरण प्रकल्पातून न जाता, नुसते क्लोरिन टाकून लोकांच्या घरी जात होते. नगरसेवक असता तर हा आजार झाला नसता, असे मी म्हणत नाही. ते मला सिद्ध करता येणार नाही. पण ज्या गावात पाण्याचा रंग बदलला तर कुणाच्या दारात जाऊन बसायचे हेच ठाऊक नाही, तिथे पाण्याचा विषय दवाखान्यापर्यंत पोचल्यावरच सरकारच्या कानावर जातो. माझी एक विद्यार्थिनी त्या पट्ट्यात राहते. ती सांगत होती की तक्रारीच्या ॲपवर तिच्या तक्रारीपुढे 'निकाली काढली' असे आले, आणि नळ उघडला तर वास तोच.

आणि मुंबई. फिरोजशहा मेहतांनी ज्याच्यासाठी जिवाचे रान केले तो १८८८ चा महापालिका कायदा मुळात याच विचारावर उभा आहे की खर्च करणारा हात एक असावा आणि मंजुरी देणारा दुसरा. आयुक्त सरकारचा, पण पैशाच्या चाव्या लोकांच्या सभेकडे. इंग्रजांच्या काळात, परक्या सरकारकडून, त्या पिढीने हे मिळवले. महापालिकेच्या इमारतीसमोर मेहतांचा पुतळा आहे. त्या पुतळ्यामागच्या इमारतीत २०२३-२४ चा ५२,६१९ कोटींचा, पुढच्या वर्षीचा ५९,९५४ कोटींचा आणि २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प मंजूर झाला, तो मांडणारे प्रशासन आणि मान्य करणारे प्रशासन. तीन वर्षांचे मिळून जवळजवळ १ लाख ८७ हजार कोटी रुपये. कित्येक राज्यांच्या अर्थसंकल्पापेक्षा मोठे आकडे, आणि त्यातल्या एका रुपयावरही निवडून आलेल्या माणसाचे मत पडले नाही. सहा हजार कोटींच्या वर किमतीची रस्ते काँक्रिटीकरणाची कंत्राटे याच काळातली. ती बरोबर होती की चूक, हे मला माहीत नाही. ते विचारायची जागाच बंद होती, एवढे माहीत आहे.

जागा बंद होती हे मी शब्दशः म्हणते आहे. डिसेंबर २०२२ च्या अखेरीस शिवसेनेच्या दोन गटांत त्या इमारतीत बाचाबाची झाली आणि प्रशासनाने सगळ्याच पक्षांच्या कार्यालयांना टाळे लावले. भांडण दोघांचे, टाळे सगळ्यांना. पुढच्या जुलैत त्याच इमारतीत उपनगरच्या पालकमंत्र्यांसाठी दालन उघडले गेले. लोकांनी निवडलेल्यांच्या खोल्यांना कुलूप आणि सरकारने नेमलेल्याला खोली. शहर कुणाच्या हातात गेले आहे, हे याहून स्पष्ट कुणी सांगायला नको होते. निधीचेही तसेच झाले. महापालिकेच्या पैशातून आमदारांच्या शिफारशीवर कामे द्यायची असे धोरण ठरले, आणि २०२३ मध्ये मुंबईतल्या सत्ताधारी आमदारांना पाचशे कोटींच्या वर रक्कम मिळाली तर विरोधी आमदारांच्या हाती काही आले नाही, हे 'इंडियन एक्स्प्रेस'ने कागदपत्रांनिशी छापले. ज्या मतदारसंघाने दुसऱ्या पक्षाला मत दिले तिथल्या माणसाचा मालमत्ता कर मात्र तेवढाच राहिला.

माझे काही नातेवाईक, चांगले शिकलेले, मला म्हणतात, प्रशासकच बरा. नगरसेवक म्हणजे टक्केवारी, स्थायी समिती म्हणजे वाटाघाटी. ऐनवेळचे विषय म्हणून कोट्यवधींचे प्रस्ताव पाच मिनिटांत संमत व्हायचे, हे विसरलीस का? मी विसरलेले नाही. आमच्या शहरातल्या स्थायी समितीचे दिवे मी पाहिले आहेत. पण घरात चोरी होते म्हणून घराला दारच नको, असे कुणी म्हणत नाही. नगरसेवकाने पैसे खाल्ले तर विरोधी नगरसेवक बोंब मारतो, वार्ताहर सभेत बसलेला असतो, पाच वर्षांनी लोक त्याला घरी बसवतात. निदान बसवू शकतात. दोन शिक्के एकाच खणात असतील तर बोंब मारायची कुणी आणि कुणासमोर? आणि प्रशासक भला माणूस असला तरी त्याची बदली मंत्रालयाच्या एका आदेशावर होते. तो शहराचे ऐकेल की मंत्रालयाचे?

सभा का लागते, हे सांगायला मी वर्गात नेहमी एक गोष्ट सांगायचे. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. लोकांनी निवडलेले नव्हे, सरकारने नेमलेले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून त्यांच्या स्वागतावर नगरपालिकेने हजार रुपये खर्च करावेत असा प्रस्ताव आला. जोतीरावांनी सांगितले, हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा. बाकी सगळे एका बाजूला आणि ते एकटे एका बाजूला. प्रस्ताव मंजूर झाला. जोतीराव हरले. पण ते हरले हे आज आपल्याला ठाऊक आहे, कारण सभा भरली होती, मत मोजले गेले आणि विरोध नोंदला गेला. परक्या साम्राज्याच्या राज्यात, नेमलेल्या सभासदाला, साम्राज्याच्या प्रतिनिधीच्या स्वागताला 'नाही' म्हणता आले. प्रशासकांच्या काळात स्वतंत्र महाराष्ट्राच्या एकाही महापालिकेत 'नाही' लिहून ठेवायला ओळ नव्हती. माझ्या कागदावर ती ओळ आहे आणि ती कोरी आहे.

ही कोऱ्या ओळीची सवय महापालिकेपुरती राहिली असती तर मी इतकी घाबरले नसते. पण आपल्याच सभागृहाकडे पाहा. फेब्रुवारी २०२१ मध्ये अध्यक्षांनी राजीनामा दिला आणि ३ जुलै २०२२ पर्यंत विधानसभेला अध्यक्ष नव्हता. राज्यपालनियुक्त बारा जागा जून २०२० पासून चार वर्षांहून जास्त काळ रिकाम्या राहिल्या; आधीच्या मंत्रिमंडळाची यादी बराच काळ राजभवनात पडून होती. २०२४ च्या निकालानंतर विधानसभेला विरोधी पक्षनेता मिळाला नाही, ऑगस्ट २०२५ नंतर परिषदेतही उरला नाही. डिसेंबर २०२५ चे नागपूर अधिवेशन दोन्ही सभागृहांत त्या पदाविना झाले. राज्य माहिती आयोगाकडे एक लाखाच्या वर अपिले आणि तक्रारी तुंबल्या होत्या. यातली एकही संस्था कुणी मोडली नाही. कुणी हुकूमशाही जाहीर केली नाही. फक्त खुर्ची भरली नाही. भरू, बघू, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, असे म्हणत राहायचे. आज जो सत्तेत आहे त्याला ते सोयीचे असते, आणि उद्या जो सत्तेत येणार असतो त्यालाही ती सोय आतून हवी असते. मार्च २०२२ चे ते एकमत मला याच कारणासाठी टोचते. आपल्यातल्या विरोधी सदस्यांना सरकारचा हात लांब होतो याची चीड नव्हती. तो हात उद्या आपला असेल ही आशा होती.

आता महापालिकांत नवी सभागृहे बसली आहेत, मग हे उकरून काढायचे कशाला, असे आपण विचाराल. म्हणून, की ज्या कायद्याने हे घडू दिले तो अजून तसाच आहे. पुढच्या वेळी मुदत संपेल तेव्हा पुन्हा प्रभागांची संख्या बदलता येईल, पुन्हा कुणीतरी न्यायालयात जाईल, पुन्हा प्रशासक येईल. म्हणून आपल्याकडे माझे मागणे आहे, आणि ते सगळे आपल्या हातातले आहे. १८८८ चा मुंबईचा कायदा, बाकी महापालिकांचा १९४९ चा, नगरपरिषदांचा १९६५ चा, जिल्हा परिषदांचा १९६१ चा, हे चारही कायदे बदलण्याचा अधिकार आपला आहे. प्रभाग पाडण्याचे काम राज्य निवडणूक आयोगाला परत द्या. मुदत संपायला वर्ष राहिले की सदस्यसंख्येला आणि प्रभागपद्धतीला हात लावायचा नाही, असे कायद्यात घाला. नैसर्गिक आपत्तीसारख्या कारणाने प्रशासक आणावाच लागला तर तो सहा महिन्यांसाठी, आणि त्याने पगार, पाणी, कचरा, दवाखाना एवढेच चालवावे. पुढच्या वीस वर्षांचे कर्ज आणि हजारो कोटींची नवी कंत्राटे त्याने करू नयेत. जे काही मंजूर करायचे ते आठ दिवस आधी मराठीत लोकांसमोर ठेवावे, खुल्या सुनावणीत हरकती ऐकाव्यात आणि त्या ठरावात जशाच्या तशा लिहाव्यात.

आणि झालेले मोजा. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये डी. सी. वाधवा नावाचे अर्थशास्त्रज्ञ होते. बिहार सरकार विधानसभेला टाळून अध्यादेशांवर राज्य करते आहे, असे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी नुसता संताप केला नाही, बिहारची सरकारी राजपत्रे काढून बसले आणि मोजले: १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश, पुन्हापुन्हा काढून जिवंत ठेवलेले, काही चौदा वर्षांपर्यंत. ती मोजदाद घेऊन ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८६ मध्ये न्यायालयाने ही संविधानाची फसवणूक आहे असा निकाल दिला. एका प्राध्यापकाने कपाटातल्या राजपत्रांवर केलेले ते काम आहे. आपल्याकडे समित्या आहेत, सचिवालय आहे. २०२० पासून जानेवारी २०२६ पर्यंत महाराष्ट्रातल्या महापालिकांत दोन शिक्क्यांचे किती ठराव झाले, किती रकमेचे, किती कंत्राटे आणि कोणत्या तारखांना, याची यादी करून सभागृहाच्या पटलावर ठेवा. नव्या नगरसेवकांना ते ठराव एकेक करून उघडू द्या. चांगले असतील ते कायम होतील.

पुढचे अधिवेशन येते आहे. अशासकीय विधेयक मांडायला मंत्रिपद लागत नाही, एक सदस्य पुरतो. सत्ताधारी बाकावरच्या एकाने ते मांडले आणि विरोधी बाकावरच्या एकाने अनुमोदन दिले, तर त्या दोघांची नावे मी माझ्या जुन्या वर्गात जाऊन फळ्यावर लिहीन. 'नेमले' शब्द लिहिणाऱ्या त्या मुलीचा पत्ता माझ्याकडे आहे. तिलाही कळवीन.

कळावे,

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, मतदार आणि करदाती

सोबत: ठरावाची झेरॉक्स, एक पान. शहराचे नाव आणि सही झाकली आहे. सूचक आणि अनुमोदक यांच्या ओळी मुळातच कोऱ्या आहेत.